पलूसला आईला वसुलीचे फोन येतायत: भावाच्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं काय करावं?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतोय. तो कुपवाड एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर होता. गेल्या वर्षी ऑर्डरी कमी झाल्या, आधी ओव्हरटाइम बंद झाला आणि दिवाळीनंतर नोकरीच गेली. त्याच सुमारास वडिलांची बायपास मिरजेला करावी लागली. विम्यातून निम्मं बिल भागलं, उरलेलं भावाने क्रेडिट कार्डावर टाकलं. काही महिने किमान रक्कम भरत राहिला, मग तेही जमेना. वापरलेले होते १ लाख १२ हजार, आज बँकेचा आकडा १ लाख ८४ हजार आहे.

भाऊ फोन उचलेना म्हटल्यावर वसुलीवाल्यांनी आईचा नंबर शोधून काढला. "तुमच्या मुलावर ४२० लागलीय, शनिवारी पोलिसांची गाडी दारात उभी राहील, गावासमोर न्यायची वेळ आणू नका," असं रात्री नऊला सांगितलं. शेजारच्या काकूंनाही फोन गेला. आईच्या घशाखाली घास उतरेना. वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही, बायपास झालेला माणूस आहे. चुलते म्हणतात, गावातल्या एकाकडून पाच रुपये शेकड्याने उचलू आणि एकदाची ब्याद मिटवू.

पोलिस खरंच येतात का? वडिलांच्या नावावर द्राक्षबाग आहे, तिला धक्का लागू शकतो का? आणि तडजोड करायची तर कुणाशी आणि कशी? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सांगा. शनिवार परवावर आलाय.

शंभर_फुटी
पोलिस येत नाहीत. हे आधी आईला सांगून या, बाकीचं नंतर वाचा.

विटेकर
आवं दादा, पाच रुपयं शेकडा म्हंजी वर्साला साठ टक्के झालं की! कार्डवाला बेचाळीस घेतोय म्हणून तुमी साठवाल्याच्या दारात निगालाय व्हय? चुलत्यांना हात जोडून सांगा, त्या वाटेला जाऊ नका. आमच्याकडं असल्या व्यवहारात जमिनी लिहून गेलेल्या बघितल्यात मी.

वकीलबाई_विजयनगर
येरळाकाठ, मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

कार्डाचे पैसे थकणं ही दिवाणी बाब आहे. फसवणुकीचा गुन्हा लागायला पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. हॉस्पिटलचं बिल भरलं, काही महिने हप्ते भरले, नोकरी गेल्यावर थकलं. यात तसा हेतू कुठून काढणार? आणखी एक खूण सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणूक आता कलम ३१८ खाली येते. गेल्या वर्षीच्या थकबाकीवर जो फोनवर अजून ४२० म्हणतो, त्याच्या हातात कुठलाही एफआयआर नाही.

बाग वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर मुलाच्या कर्जापायी तिला हात लागत नाही. वडिलोपार्जित असेल तर भावाच्या हिश्श्यापुरता प्रश्न येऊ शकतो, पण तोही बँकेने दावा लावला, हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) मिळवला आणि मग दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) केली तर. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. घर-जमीन गहाण असलेल्या कर्जासारखी थेट ताबा घेण्याची सोय बँकेला इथे नाही.

पगाराचंही सांगते, कारण पुढची धमकी तीच असते. हुकूमनाम्यानंतर पगार जप्त करायचा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडावा लागतो. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावता येत नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कोर्टाचं खरं समन्स आलं तर ते कपाटात ठेवायचं नाही. हजर राहायचं. गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी जातो आणि बाजू मांडायची संधीच जाते. व्हॉट्सॲपवर आलेलं 'वॉरंट' असेल तर ते मला पाठवा, बघून सांगते.

येरळाकाठ
वकीलबाई, खूप आभार. आईला आत्ताच फोन करून सांगितलं. तिचा एकच प्रश्न आहे, "मग मी सही केलीय का कुठं? मी जामीन आहे का?" तिने कधीच कसली सही केलेली नाही. भावाने कार्ड घेताना ओळखीचा नंबर म्हणून तिचा नंबर दिला होता बहुतेक.

पतसंस्थेत_हयात
आईचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक घरातला आहे. आपल्याला कर्ज म्हणजे पतसंस्था माहीत. तिथे दोन जामीनदार लागतात. कर्जदार थकला की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, तो जामीनदारावरही निघतो आणि मग शिक्षकाच्या, एसटीतल्या कंडक्टरच्या पगारातून कपात सुरू होते. गावोगावी मित्रासाठी सही केलेली माणसं असे हप्ते फेडताना मी पाहिली आहेत. म्हणून 'वसुली' म्हटलं की आपल्या आयाबायांना वाटतं, आता आपल्यावर आलं.

कार्डाला जामीनदार नसतो. ओळखीसाठी दिलेला नंबर म्हणजे हमी नव्हे. कलम १०१ सहकारी संस्थांसाठी आहे, व्यापारी बँकेच्या कार्डाला ते लागत नाही. आईला सांगा, तुमची सही नाही, तुमचं देणं नाही, तुमच्याशी बोलायचा त्या माणसाला अधिकारही नाही.

कर्नाळ_रोड
मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका. सगळे बँकेला आणि वसुलीवाल्याला दोष देतायत. पण पैसे घेतले होते ना? माझ्या वडिलांनी वखारभागात हमाली करून किराणा दुकानाची उधारी दर महिन्याला मिटवली. देणं ठेवून झोपणं त्यांना माहीत नव्हतं. आजकाल पंचवीस वर्षांची पोरं तीन-तीन कार्डं घेऊन फिरतात आणि मग आईच्या फोनवर रडगाणं. भावाने फोन उचलून "मला वेळ द्या" एवढं म्हटलं असतं तर आईपर्यंत गोष्ट आलीच नसती.

येरळाकाठ
कर्नाळ_रोड, देणं नाकारत कुणीच नाही. भावाने कार्डावर मोबाईल घेतला नाही की गोव्याला गेला नाही. त्या रात्री काउंटरवर पैसे भरल्याशिवाय वडिलांना आत घेत नव्हते. एवढंच सांगतो.

कृष्णाकाठची_लेक
विषय निघालाच आहे तर विचारते, बायपास महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते ना? ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डावर मिळतं. मिरजेत योजनेतली हॉस्पिटलं आहेत. माझ्या मामांची झाली तशी.

येरळाकाठ
बसते, आम्हालाही नंतर कळलं. वडील पोहोचले ते हॉस्पिटल यादीत नव्हतं आणि हलवण्यासारखी स्थिती नव्हती.

कृष्णाकाठची_लेक
समजू शकते. वाचणाऱ्यांनी मात्र एक करा: आपल्या जवळची योजनेतली हॉस्पिटलं आजच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता हे सुचत नाही.

जुना_कॅशियर
मी बँकेतून निवृत्त झालो. कर्नाळ_रोड यांचं म्हणणं अर्धं मला पटतं. देणं फेडायचंच असतं. पण कार्डाचं देणं आणि किराण्याची उधारी यांचं गणित फार निराळं आहे, ते मांडतो.

समजा एक लाख थकलेत आणि दर महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचं व्याज ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३०. झाले ४,१३०. किमान रक्कम म्हणून माणूस ५,००० भरतो आणि त्याला वाटतं आपण फेडतोय. मुद्दलातून गेले ८७० रुपये. पुढच्या महिन्यात काही खरेदी केली तर तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी असली की बिनव्याजी मुदत मिळत नाही. या हिशोबाने पोरगं वर्षभर इमानाने भरत राहतं आणि बाकी जवळजवळ तिथल्या तिथेच. त्यात एखादा महिना चुकला की विलंब शुल्क.

व्याजाला वरची मर्यादा आहे का, असं कुणी विचारेल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा "एवढं व्याज बेकायदा आहे" या भांडणात शक्ती घालवू नका. उलट स्टेटमेंट मागवून बघा. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत स्पष्ट आहे, न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही. १ लाख १२ चे १ लाख ८४ कसे झाले याचा महिन्यावार तक्ता मागा. तडजोडीच्या वेळी तो कागद फार उपयोगी पडतो.

आणि भावाचा पुढचा पगार त्याच बँकेच्या खात्यात घेऊ नका. करारानुसार बँक त्याच ग्राहकाच्या बचत खात्यातून थकबाकी वळती करू शकते. घरखर्चाला हातात काही राहिलं पाहिजे.

पूर्वी_वसुलीत
बरीच वर्षं या धाग्यांवर नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कार्डांच्या वसुलीचं काम केलंय. ते काम आतून कसं चालतं हे कळलं तर निम्मी भीती जाईल.

थकलेली खाती 'बकेट'मध्ये विभागतात. तीस दिवसांपर्यंतची एक, साठपर्यंतची दुसरी, असं. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक. पहिल्या बकेटमध्ये बँकेच्याच कॉल सेंटरमधून गोड आवाजात फोन येतात. जितकं खातं जुनं तितकं ते बाहेरच्या एजन्सीकडे जातं आणि तितकं आमचं कमिशन जास्त. महिनाअखेरीला टार्गेट असतं, म्हणून पंचवीस तारखेनंतर आवाज चढतो. येरळाकाठ, तुमच्या आईला फोन कधी आला ते बघा, महिन्याचा शेवटचा आठवडा असेल.

आईला फोन का? कारण मुलगा फोन सहन करायला शिकलेला असतो. आई घाबरते आणि पाटल्या मोडते. हे आम्हाला कुणी लिहून दिलं नव्हतं, पण टीम लीडरकडून प्रत्येक नवा पोरगा पहिल्या आठवड्यात हेच शिकायचा.

शनिवार का? महिन्याच्या चौथ्या शनिवारी आणि रविवारी बँक बंद, जाऊन खात्री करायची सोय नसते. दोन दिवस माणूस घरात कुढतो आणि सोमवारी पैसे टाकतो.

फोन आला तर शिवी देऊ नका. पलीकडचा पोरगा बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातला, टार्गेटखाली दबलेला असतो. शांतपणे त्याचं नाव, एजन्सीचं नाव विचारा आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. "आम्ही बँकेशी ईमेलवर बोलतोय" एवढं सांगून फोन ठेवा. जी तारीख पाळता येणार नाही ती कबूल करू नका. आमच्याकडे त्याला पीटीपी (प्रॉमिस टू पे) म्हणायचे. तुम्ही दहा तारीख म्हणालात आणि दहाला पैसे आले नाहीत की खात्यावर 'वचन मोडलं' अशी नोंद पडते आणि फाईल अजून कडक माणसाकडे जाते.

हरभट_रोड
पूर्वी_वसुलीत, हे लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

माझं कापडाचं दुकान मारुती चौकाच्या बाजूला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी माळ्यापर्यंत आलं होतं. साड्यांचे गठ्ठे चिखलातून बाहेर काढून रस्त्यावर टाकले ते दिवस सांगलीत ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. गणपती तोंडावर होते. माल भरायला रोख नव्हती, म्हणून कार्ड घासलं. धंदा उभा राहायला सहा महिने लागतील असा अंदाज होता आणि सहा महिन्यांनी लॉकडाऊन लागला.

वसुलीची दोन माणसं दुकानात आली, गिऱ्हाईक बसलेलं असताना. एकाने काउंटरवर हात आपटला. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि मला पाठवलेल्या नोटिशीची प्रत मागितली. वसुलीला येणाऱ्या माणसाने हे तिन्ही कागद जवळ ठेवायचे असतात, २००८ पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांच्याकडे गळ्यातलं एक कार्ड होतं, बाकी काही नाही. समोरच्या दुकानातली मंडळी तोवर येऊन उभी राहिली होती. आवाज आपोआप खाली आला.

दुसऱ्या दिवशी मी बँकेला लेखी कळवलं, पुरात दुकान गेल्याचा पंचनामा जोडला, आणि बाकी हप्त्यांत करून मागितली. बँकेने ती कार्डाच्या दरापेक्षा कमी व्याजावर हप्त्यांत बांधून दिली. कार्ड बंद केलं. सगळं फिटलं. पंचनाम्याचा कागद जपून ठेवा, असं मी नदीकाठच्या प्रत्येक व्यापाऱ्याला सांगतो.

भडंगवाला
हरभट_रोड काका, पाणी दिलंत ते ठीक, पण सोबत भडंग दिलं असतं तर ते बाकीही माफ करून गेले असते! (गंमत हो. तुमच्या धीराला सलाम.)

शाळेतली_बाई
माझ्या बाबतीत फोन शाळेच्या ऑफिसात येऊ लागले. मुख्याध्यापकांना म्हणाले, "तुमच्या बाई कर्ज बुडवतात, मुलांना काय शिकवणार?" स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलं. एक माणूस फोनवर माझ्याशी घाणेरडं बोलला. घरी नवऱ्यालाही सांगावंसं वाटेना.

मी जे केलं ते सांगते. कॉल रेकॉर्डिंग सुरू केलं. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत लिहिला. रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक होतं: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक-मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही. एजन्सीने काहीही केलं तरी जबाबदारी बँकेची. त्या परिपत्रकाचा हवाला देऊन बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, वहीच्या पानांचे फोटो जोडले. छापील उत्तर आलं, काही बदललं नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. ऑनलाइन होते, शुल्क नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे तक्रार केलेली असावी लागते आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो.

त्यानंतर बँकेचं लेखी माफीपत्र आलं आणि शाळेतले फोन बंद झाले. पैसे मी सगळे फेडले. मला पैसे माफ करून नकोच होते, मला शाळेत मान वर करून चालायचं होतं.

वकीलबाई_विजयनगर
बाईंनी केलं ते अगदी बरोबर. एक जोडते. धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे. बाईशी अश्लील बोलणं कलम ७९ मध्ये येतं, तो दखलपात्र आहे, पोलिसांनी नोंद घ्यायलाच हवी. ठाण्यात "हा तुमचा आणि बँकेचा व्यवहार" असं म्हणून परत पाठवलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. वसुलीसाठी गुंडगिरी चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सुनावलेलं आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. फोनवर विचारायचं तर १५१०० आहे.

मिरज_जंक्शन
मला सोपा उपाय कळलाय. तीन वर्षं गप्प बसा, एक पैसा भरू नका. मुदत कायद्याने कर्ज संपतं. माझ्या मित्राने हेच केलं.

वकीलबाई_विजयनगर
मिरज_जंक्शन, कर्ज संपत नाही. दावा लावायची तीन वर्षांची मुदत संपते. मधेच एखादा हप्ता भरून त्याची लेखी नोंद राहिली किंवा "हो, देणं आहे" असं सही करून दिलं तर ती मुदत नव्याने सुरू होते. बँका बहुधा त्याआधीच दावा लावतात. आणि तीन वर्षं आईला फोन येत राहतील त्याचं काय?

जुना_कॅशियर
शिवाय सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या अहवालात, ही नोंद वर्षानुवर्षं राहते. उद्या हा मुलगा घर बांधायला कर्ज मागेल, ट्रॅक्टर घ्यायला जाईल, तिथे दार बंद. ऐन उमेदीतल्या पोरासाठी तीन वर्षांचं गप्प बसणं फार महाग आहे.

कर्नाळ_रोड
इथे मी कॅशियर साहेबांच्या बाजूने. आणि येरळाकाठ, हॉस्पिटलचं वाचून मी गप्प झालो होतो. भावाला माझ्याकडून सांगा, वडिलांसाठी केलेलं देणं आहे, त्याची लाज बाळगू नकोस.

रहिमतपूरकर
साताऱ्याहून लिहितोय. तडजोडीच्या नावाखालीही फसवतात, ते इथे कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या मेहुण्याला एकाने फोन करून सांगितलं, "साहेबांकडून साठ हजारांत मिटवून देतो, आज संध्याकाळपर्यंत या यूपीआयवर टाका." पावती व्हॉट्सॲपवर आली, बँकेच्या चिन्हासकट. बँकेच्या दप्तरी एक रुपया जमा नाही. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात, बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत भरा. असं घडलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

आणि आगाऊ फी घेऊन "तुमचं कर्ज अर्ध्यात मिटवू" म्हणणाऱ्या कंपन्यांपासूनही लांब. ते जे ईमेल पाठवतात ते तुम्ही स्वतः पाठवू शकता.

येरळाकाठ
ताजी खबर. शनिवार गेला, कुणी आलं नाही. आईने दिवसभर ओट्यावर बसून वाट बघितली, संध्याकाळी उठून स्वयंपाकाला लागली.

शुक्रवारी भावाने इथलं वाचून बँकेला ईमेल केला होता. नोकरी गेल्याचं पत्र, हॉस्पिटलचं बिल जोडलं. आईच्या आणि शेजारच्यांच्या नंबरवर फोन थांबवा, रात्री नऊच्या फोनचा स्क्रीनशॉट जोडलाय, आणि महिन्यावार हिशोब द्या, असं लिहिलं. आज बँकेतूनच एका बाईंचा फोन आला, नीट बोलल्या. दोन पर्याय दिले: १ लाख ५ हजार एकरकमी तीस दिवसांत, नाहीतर १ लाख ३२ हजार, ११ हजारांच्या बारा हप्त्यांत. लोकअदालतीची नोटीसही येईल म्हणाल्या, तिथे मिटवायचं तर मिटवा.

भावाला तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर काम लागलंय, १९ हजार पगार. आई पाटल्या द्यायला निघाली होती, भावाने हातात घेतल्या नाहीत. काय करावं?

पतसंस्थेत_हयात
१९ हजारांत ११ चा हप्ता पेलणार नाही. तिसऱ्या महिन्यात मोडेल आणि सवलत रद्द होईल. अठरा हप्ते मागा, ७,३०० च्या आसपास बसतो. पहिला देकार शेवटचा नसतो.

विटेकर
आन् चुलत्यांना विचारा, पाच रुपयावाल्याकडं जायला तयार व्हतं, तर आता घरातनंच बिनव्याजी पंचवीस हजार काढत्यात का. सावकाराकडं जायची तयारी असणाऱ्यानं पुतण्याला हात द्यायला काय हरकत हाय?

जुना_कॅशियर
एकरकमीत २७ हजार वाचतात हे खरं. पण सूट घेतली की सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' (तडजोडीत मिटलं) असा शेरा येऊ शकतो, आणि 'क्लोज्ड' (पूर्ण फिटलं) व 'सेटल्ड' यांत पुढच्या कर्जासाठी फार फरक पडतो. दोन्ही पर्यायांत अहवालात काय नोंद जाणार हे पैसे भरण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. बाईंनी तोंडी काय सांगितलं त्याला किंमत नाही. फिटल्यावरही नोंद दुरुस्त झाली नाही तर तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

वकीलबाई_विजयनगर
लोकअदालतीच्या नोटिशीला घाबरू नका, तो समेटाचा मंच आहे, न गेल्याने अटक वगैरे होत नाही. पण मी म्हणेन, जा. तिथे बँकेचा अधिकार असलेला माणूस समोर बसतो आणि निवाडा झाला की तो अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणूनच पूर्ण वाचल्याशिवाय सही नको. हप्ते किती, चुकला तर काय, राहिलेलं व्याज पूर्ण सोडलं का, हे मजकुरात असलंच पाहिजे. पुढच्या तारखांचे धनादेश मागितले तर विचार करून द्या. धनादेश वटला नाही तर कलम १३८ लागतं, आणि आत्ता दिवाणी असलेली गोष्ट तिथे फौजदारी होते.

येरळाकाठ
अठरा हप्त्यांची मागणी आणि नोंदीचा प्रश्न, दोन्ही आत्ताच ईमेलने पाठवले. चुलते वीस हजार द्यायला तयार झालेत, विटेकर, तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. वडिलांनाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून भावाला फक्त विचारलं, नव्या कामावर डबा कुठून आणतोस.

भिलवडी_स्टेशन
या धाग्यात मधेच विचारते, क्षमा करा. माझे मिस्टर गेले. त्यांच्या कार्डाचे ७० हजार बाकी होते. आता मला फोन येतात, "बायको म्हणून तुम्हीच भरा." मी शिवणकाम करते. द्यावे लागतील का?

वकीलबाई_विजयनगर
ताई, तुमच्या स्वतःच्या कमाईतून देणं लागत नाही. मिस्टरांच्या मागे त्यांच्या नावावर जी मिळकत तुम्हाला आली, तेवढ्यापुरतंच बँकेला मागता येतं. कुठल्याही कागदावर सही करू नका, थोडीसुद्धा रक्कम भरू नका. मृत्यू दाखल्याची प्रत बँकेला लेखी पाठवा आणि कार्डावर विमा होता का ते विचारा, काही कार्डांवर असतो. सोमवारी अकराला विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात या, येताना आलेल्या फोनचे नंबर लिहून आणा. मी तिथेच असते.